वरच्या मजल्यावरचं रडणं

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि तिचे सांधे दुखतात. गुडघे, घोटे, कधी मनगटं. लहान मुलांनाही संधिवात होतो हे आधी आम्हालाच पटत नव्हतं, लोकांना आजही पटत नाही. "वाढीचं वय आहे, दुखायचेच पाय," म्हणतात. औषधं चालू आहेत, आजार आटोक्यात आहे असं डॉक्टरीणबाई सांगतात, पण दुखणं काही पुरतं जात नाही. मी आता कुणाला समजावत बसत नाही.

हेवा करायची सवय मला या दुखण्यानंच लावली. सात रस्ता चौकात रिक्षाची वाट बघत उभी असते तेव्हा शाळेतून सुटलेली पोरं धावताना दिसतात. त्यांच्या आया मागून ओरडत असतात, "पळू नको, पडशील!" मला त्या बायकांचा इतका राग येतो! वाटतं, एक दिवस अदलाबदल करा की माझ्याशी. नवरा रेल्वेत, होटगीला ड्युटीवर. तो घरी आला की उशीला डोकं टेकताच घोरतो. मला त्या घोरण्याचाही हेवा वाटतो.

पण सगळ्यांत जास्त जळले ती वरच्या मजल्यावरच्या भाभीवर. ती साड्यांना फॉल-पिको करून देते. मुलगी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणते. शाळेतून आली की गुडघे कुरकुरत असले तरी ही बया कठडा धरून जिना चढते आणि तासभर वर बसते. वरून हसण्याचे आवाज येतात. घरी मात्र मी विचारलं, "दुखतंय का गं?" की उत्तर ठरलेलं, "नाही. बरंय."

"गरम पाण्याची पिशवी देऊ?"

"नको."

"मलम तरी चोळू?"

"बरंय म्हटलं ना, आई."

मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून झाल्यावर माझ्याकडे मोर्चा वळवला. "तुमचं कसं चाललंय? कुणाशी बोलता का? अशा मुलांच्या आईवडिलांसाठी आमच्याकडे समुपदेशक आहेत." माझं डोकंच फिरलं. दुखतंय पोरीला आणि समुपदेशन मला! "मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं. मुलगी शेजारी बसून स्वतःच्या पायांकडे बघत होती.

घरी आल्याआल्या ती वर निघून गेली. मला राहवेना. बास झाली ही खाला, आज पोरीला खाली आणायचंच, म्हणून मीही तरातरा जिना चढले. अर्ध्यावरच ऐकू आलं.

"आई गं! आई गं!"

माझी मुलगी रडत होती. हुंदके देत, नाक ओढत, अगदी लहान असताना रडायची तशी. दुखलं की आपल्याकडे सगळेच आईला हाक मारतात, त्यात विशेष काही नाही. पण घरी तिच्या तोंडून ही हाक मी कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती, आणि इथं ती दुसरीच्या घरात मला हाका मारत होती. हसणं मी भाभीला देऊन टाकलं असतं. रडणं माझं होतं.

दार उघडंच होतं. मुलगी गादीवर पाय पसरून बसलेली. भाभी शेजारी साडीला फॉल लावत होती आणि तिचा हात थांबलेला नव्हता. मधूनच नुसता होकार भरल्यासारखं म्हणायची, "हौ बेटा, हौ." पिशवी नाही, मलम नाही, काही नाही. मुलीनं मला बघितलं आणि नळ बंद करावा तसं रडणं थांबलं. डोळे पुसून ती माझ्याकडे बघून हसली. "बरंय आई. चल, येते मी."

त्या हसण्यानं मला कानाखाली बसल्यासारखं झालं.

मी शिकवते ती शाळा सकाळची, तिची दुपारची. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी सरळ भांडायलाच वर गेले. "माझी पोरगी तुमच्याकडं येऊन रडते, आणि तुम्ही मला सांगत नाही?"

भाभीनं दातानं दोरा तोडला. "तीच नको म्हणती, टीचर. म्हणती, आई माझ्याआधी रडती. मग मलाच तिला गप करावं लागतंय."

मी तिथंच दारात बसले आणि, काय सांगू, रडायलाच लागले. भाभीची सुई चालूच. "हौ," म्हणाली, "हौ." तिचा राग येत होता आणि उठावंसंही वाटत नव्हतं. निघताना म्हणाली, "तुमी पन येत जावा की. पन दुपारचं या. सांजचं तिची येळ हाय."

म्हणजे माझ्या पोरीच्या रडण्याच्या वेळा आता ही ठरवणार! तरी मी जात राहिले. पुढच्या खेपेला तोंड पाडून का होईना, डॉक्टरीणबाईंकडे समुपदेशकाची वेळही मागितली. मुलीनं चमकून माझ्याकडे बघितलं.

परवा संध्याकाळी मी भाकरी थापत होते. ती वर जायला निघाली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच मटकन बसली. "दुखतंय का" अगदी ओठांवर आलं होतं, माझं तोंड वाकडं व्हायला लागलं होतं. मी मान परातीत घातली आणि थापत राहिले. 'हौ' तर मी मेले तरी म्हणणार नव्हते. "हं," म्हणाले.

तिनं जरा वेळ मला निरखून बघितलं. मी रडत नाही याची खात्री करून घेतली आणि मग भोकाड पसरलं. गुडघ्यांना, गोळ्यांना, शाळेला, मला, सगळ्यांना शिव्या देत रडली. माझी भाकरी परातीतच फाटली, तिचा गोळा करून मी पुन्हा थापायला घेतली. ती रडतच होती.

मग मी उठले आणि पिठाच्या हातांनीच बाहेरचं दार सताड उघडलं. वर ऐकू गेलं पाहिजे म्हणून.