पुढं केलेला हात

पाहुणा एकेकीचा हात हातात घेत रांगेतून पुढं येत व्हता. फुटबॉलच्या मॅचच्या आधी तशी पद्धतच असती. पोरगी नाव सांगती, पाहुणा हात मिळवतो, फोटू निघतो. तो माझ्या पुढ्यात आला. मी हात पुढं केला. त्यानं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं.

"तू खालच्या वस्तीतली ना गं?"

"व्हय."

त्यानं दोन्ही हात जोडले. हसून नमस्कार केला. आन् पुढच्या पोरीचा हात धरला.

लोकांना वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस, एवढ्याशा पोरीला नमस्कार करतो! टाळ्या पडल्या. माझा हात तसाच पुढं. कुठं ठेवावा कळंना. शेवटी चड्डीला पुसला. पुसला कशाला? घाण व्हता का? त्या पुसण्याचा मला आजबी लई राग येतो.

त्यानं मला ओळखलं कसं, ते मला ठावं व्हतं. त्या साली दुष्काळ पडला, आमच्या शेंद्र्याकडच्या समद्या हिरी आटल्या व्हत्या. या पाहुण्याच्या जमिनी कारखान्यांत गेलेल्या, त्या पैशावर त्यानं टँकर घेतले. शहर वाढत व्हतं, टँकर दिवसभर नव्या बिल्डिंगींकडं पळायचे. आमच्या वस्तीला उरलंसुरलं. तेबी कसं? त्याचा माणूस पाईप हंड्याच्या हातभर वर धरायचा. आमच्या हंड्याला पाईप लागू नाय म्हणून. पाण्यावाचून माणसं तडफडायली, आन् निम्मं पाणी मातीत! "मुडदा बशिवला याचा," आई म्हणायची. पण हळू म्हणायची. पाहुणा सोता तिथं खुर्ची टाकून बसायचा. रोज मला बघायचा.

मी स्टॉपर. गोलच्या पुढ्यात उभी राहणारी. खेळाच्या सरांनी गुलमंडीच्या बाजारातून एक पोस्टर आणलं व्हतं. ब्राझीलचा डिफेंडर. पिवळी जर्सी, आमच्यावाणी काळा. त्याच्याबी मुलखात दुष्काळ, असं सर सांगायचे. अनवाणी खेळला. मोठ्या क्लबनं गेटावरूनच हाकलला. मग परदेशी गेला, आन् एक दिवस त्याच क्लबच्या समोर उतरला. सगळी मॅच त्यांचा एक माणूस पुढं जाऊ दिला नाय. "त्यानं जिंदगीत गोल लई कमी केले," सर म्हणायचे, "पण त्याला ओलांडून जाताना भल्याभल्यांना घाम फुटायचा."

शिट्टी वाजली. त्या दिवशी मी बॉल अडवतच नव्हते. त्या पाहुण्याला अडवत व्हते. गुडघे फुटले. कुणाला जाऊ दिलं नाय. जिंकलो.

बक्षिसाला त्यानं समद्यांच्या गळ्यात मेडल घातलं. माझं नाव पुकारल्यावर मेडलची फीत टोकाला धरली, वर उचलली. "घे," म्हणला. मी ओंजळ पुढं केली. सवयच ती. वर बघितलं तर मला मेडल दिसंना, पाईप दिसला. तसाच हातभर वर. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी दोन्ही हात मागं घेतले. मेडल मातीत पडलं.

"उचल की गं."

"तुमी पाडलं. तुमीच उचला."

माईक चालू व्हता. समद्या मैदानानं ऐकलं.

जिल्ह्याच्या टीममधी माझं नाव पक्कं व्हतं. पण जिल्ह्याचा अध्यक्ष तोच. नाव गेलं ते गेलंच, पुन्हा कधी आलं नाय. सर म्हणले, "माफी माग. मी बोलतो त्यांच्याशी." मी म्हणलं, "सर, तुमचा ब्राझीलवाला माफी मागून खेळला का?" माझा खेळ त्या पाहुण्यानं तिथंच संपवला. मी लई रडले. माफी मागितली नाय.

आता मी कंपनीत शिफ्ट करते, सांच्याला पोरींना शिकवते. वस्तीतल्या, गावातल्या, बिल्डिंगीतल्या, समद्या येतात. यंदा आमी फायनलला. पाहुणा तोच! आता इलेक्शनला उभा राहायलाय. आता वस्तीतल्यांचे हात दोन्ही हातांनी धरतो, फोटूवाला संगं घिऊन. आई म्हणली, "म्हातारा झाला तो. सोड की." सोडू? त्यानं मला सोडलं व्हतं का?

पोरींना समदं सांगितलं. गावातलीच एक उठून म्हणली, "ताई, आमीबी हात देणार नाय."

मग काल रांग लावली. मी पाहुणा झाले, हात पुढं करून एकीकडून दुसरीकडं गेले. पयल्यांदा काही जणींचे हात आपसूक पुढं आले. पुन्हा केलं. अंधार पडेस्तोवर केलं. आता एक हात पुढं येत नाय. समद्यांचे मागं.

आज फायनलला रांगेच्या शेवटाला मी उभी राहणार. त्याचा हात तसाच मोकळा माझ्यापर्यंत यील. यिऊ दे. तो हात त्यानं पांढऱ्या सदऱ्याला पुसलेला मला जवळून बघायचाय.