नासपतीच्या फांदीखालचा टेकू

मिस्त्रींच्या घरी आलेल्या पाहुण्याला चहाचा शेवटचा घोट उभ्यानेच घ्यावा लागे. तोवर मिस्त्रींनी त्याच्या चपला सरळ करून दारात ठेवलेल्या असत. "चला, आमची नासपती बघून येऊ."

नासपती म्हणजे दोनशे वर्षांचं झाड. बँक आणि दवाखाना यांच्या मधल्या रुमालाएवढ्या बागेत ते उभं आहे. आठ बाकं, एक घसरगुंडी आणि हे झाड. कधीकाळी तिथे सगळी फळबागच होती. शहर वाढत आलं, बाकीची झाडं गेली आणि हे एकटं मागे राहिलं. ही माहिती तिथल्या पाटीवर आहे. झाडाचा घेर किती, उंची किती, पाटीचं उद्घाटन कुणाच्या हस्ते, सगळं आहे.

पाहुणा पाटी वाचायचा, मान वर करून झाड बघायचा, "वा!" म्हणायचा. मिस्त्री वाट बघत थांबायचे. पाहुणा फळं बघायचा, घरटी बघायचा, बँकेची वेळसुद्धा बघायचा. शेवटी मिस्त्री खाकरून म्हणायचे, "आणि हा टेकू."

"हो का," एवढं बोलून पाहुणा घराकडे वळायचा.

टेकू मिस्त्रींनी केलेला होता. बावीस वर्षांपूर्वी वादळात झाडाची सगळ्यात मोठी आडवी फांदी बेचक्यात तडकली. मिस्त्री तेव्हा बागेचं फाटक जोडत होते. "एवढं फाटक झाल्यावर फांदीखाली काहीतरी उभं करा हो," असं तिथल्या माळीणबाई म्हणाल्या आणि मिस्त्रींनी दोन दिवसांत जाड पाइपाचा भक्कम टेकू ठोकून दिला. झाड तेव्हा निष्पर्ण होतं. पुढे पानं आली, फळं धरली, फांदी जड झाली. टेकू मात्र जागचा तसूभर हलेना. पाइपाच्या टोकाने साल चेचली गेली. ती जखम बघून आल्यावर मिस्त्री दोन दिवस नीट जेवले नाहीत.

"लोखंड आहे ते, चुकलं तर बदला," बायको म्हणाली, "उपाशी राहून काय ते वाकणार आहे?"

मग त्यांनी पाइपात आटे पाडलेला रॉड बसवला, वर जुन्या टायरच्या रबराची उशी ठेवली आणि मध्ये मुठीएवढा नट. तेव्हापासून वर्षातून दोनदा ते पाना घेऊन जातात. फळं भरायला लागली की टेकू जरासा खाली, फळं उतरली की पुन्हा वर. रबर आणि साल यांच्या मधून कागदाची पट्टी ओढून बघायची. अडकली तर टेकू चावतोय. अलगद निघाली तर फांदी अधांतरी आहे. थोडी कुरकुर करत निघाली पाहिजे. "सुनेसारखी," असं ते म्हणायचे. घरात सून आल्यापासून म्हणत नाहीत.

यंदा व्याही-विहीण चार दिवस राहायला आले आणि त्याच आठवड्यात माळीणबाईंनी बातमी आणली. उद्यानखात्याच्या नव्या साहेबांना तो टेकू कळकट दिसत होता. त्या जागी सिमेंटचा खांब उभारायचा, वरून झाडाची साल कोरायची, तपकिरी रंग मारायचा असं ठरत होतं. बुधवारी झाडांच्या तज्ज्ञ बाई येणार होत्या. त्यांनी होकार दिला की मिस्त्रींचा टेकू भंगारात.

"सिमेंटला काय नट असतो?" मिस्त्रींनी विचारलं.

"मला काय विचारता? साहेबांना विचारा," माळीणबाई म्हणाल्या. "आणि येताना दाढी करून या."

बुधवारी मिस्त्री दाढी करून निघाले. "आज पाहुण्यांना नको हो न्यायला," बायको हळूच म्हणाली. "चारचौघांत काही बोलले कुणी तर?" पण व्याह्यांनी ऐकलं होतं. ते आयुष्यभर कापडाच्या दुकानात बसलेले. कुठे घासाघीस होणार म्हटलं की त्यांना घरात राहवत नसे. "आम्ही काय परके आहोत?" म्हणत ते पुढे निघाले. त्यांच्या मागोमाग विहीण आणि मिस्त्रींची बायकोही निघाल्या.

तज्ज्ञ बाई बारक्या चणीच्या होत्या. त्यांनी पाटीकडे बघितलंच नाही. रबरी हातोडीने खोड ठोकलं, कान लावला, मग शिडी मागवून बेचक्यापर्यंत चढल्या. साहेब खाली सिमेंटच्या खांबाचं रंगीत चित्र धरून उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"हा टेकू कुणी लावलाय?" बाईंनी वरूनच विचारलं.

साहेबांनी माळीणबाईंकडे बघितलं, माळीणबाईंनी मिस्त्रींकडे.

"मी," मिस्त्री म्हणाले. "बावीस वर्षं झाली."

"शेवटचा कधी फिरवलात?"

"शनिवारी. अडीच आटे खाली."

बाई उतरल्या. पर्समधून कसलीशी पावती काढून त्यांनी ती रबर आणि साल यांच्या मध्ये सरकवली आणि ओढली. पावती कुरकुरत बाहेर आली. त्यांनी पुन्हा ओढून बघितली. मग साहेबांना म्हणाल्या, "वर जाऊन बघा. तडा दोन्ही बाजूंनी नव्या सालीने भरत आणलाय झाडाने. फांदी हलत राहिली असती तर भरला नसता, आणि दाबून धरली असती तर साल मेली असती. बावीस वर्षं कुणीतरी हिला नुसता हात दिलाय. खांब घालाल तर दोन वर्षांत फांदी खाली येईल."

"पण दिसायला तो..." साहेब म्हणाले.

"झाडाची काही तक्रार नाही."

साहेबांनी चित्राची गुंडाळी केली. बाईंनी एक अट घातली: मिस्त्रींच्या हाताखाली दुसरं कुणीतरी तयार झालं पाहिजे. "मी आहे की," माळीणबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं पाना मीच तर हातात देतेय." मिस्त्रींनी तिथल्या तिथे पाना त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी जोर लावून अर्धा आटा फिरवला. "पाव!" मिस्त्री ओरडले. "पावच बास! दाराची कडी नाही ती!" माळीणबाईंनी पाव आटा मागे घेतला आणि साहेबांच्या देखत मिस्त्रींना खास ठेवणीतलं तोंड वेडावून दाखवलं.

व्याही इतका वेळ गप्प होते, हीच मोठी गोष्ट. ते गुडघे धरत टेकूपाशी खाली बसले. "अहो मिस्त्री, बाई म्हणाल्या ते... म्हणजे ही अख्खी फांदी तुमच्या या नटावर?"

मिस्त्री काही सांगणार, तोच त्यांची बायको पुढे आली. विहिणीचा दंड धरून तिने तिला फांदीखाली ओढलं. "झाडाकडे काय बघताय, ते सगळेच बघतात. इकडे खाली बघा. ही उशी, हा रॉड. उन्हाळा लागला की वर, पावसाळ्यात खाली. दर महिन्याला येतात आमचे हे, एक महिना चुकवला नाही."

वर्षातून दोनदा, महिन्याला नव्हे. आणि ऋतूंशी तर त्याचा संबंधच नव्हता, संबंध फळांशी होता. माळीणबाईंनी चमकून मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींनी मान डोलावली, "बरोबर सांगतेय ती," आणि दोन पावलं मागे सरकले, म्हणजे विहिणीला नट नीट दिसावा.