हब लॉक हाय का फ्री?

जुनी जीप पाळणाऱ्या माणसाकडं किस्से आपोआप साचतात. कोपऱ्यात जाळं साचावं तसे. झटकले तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा तयार!

मी जनावरांचा डॉक्टर. राहतो परभणीत, फिरतो खेड्यांत. पिंगळी रोडला आमच्या अन्वरमामूचं गॅरेज आहे. रविवारी सकाळी तिथं आम्ही तिघं जमतो. मी, पालमचे शेतकरी बापूराव आणि चारठाण्याचे किराणा दुकानदार शिवलिंगआप्पा. तिघांकडं एकेक म्हातारी फोर व्हील जीप. गाडी दुरुस्त करायला म्हणून जायचं आणि किस्सा घेऊन परत यायचं. गाडी तशीच!

यातले बहुतेक किस्से हबचे. जुन्या जीपमध्ये आतला फोर व्हीलचा दांडा ओढला की काम झालं, असं नसतं. आधी खाली उतरायचं. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक गोल चकती असते, ती हातानं 'लॉक'वर फिरवायची. मगच पुढची चाकं जोर लावतात. डांबरी रस्त्यावर आलं की पुन्हा 'फ्री'. त्या चकतीला हब म्हणायचं. बस, एवढंच.

एवढ्याशा गोष्टीत माणूस किती गोंधळू शकतो, ते आमच्याकडून शिकावं.

*

सुरुवात माझ्यापासूनच. जीप नवीन घेतली होती, म्हणजे माझ्यासाठी नवीन. पिंगळीच्या पुढं एका शेतात गाय अडली होती. शेतकऱ्याचा फोन आला, "डॉक्टर, लवकर या, वासराचे पायच दिसायलेत नुसते!"

पाऊस पडून गेलेला, काळी माती. शेताच्या अलीकडंच जीप रुतली. मी ऐटीत दांडा ओढला. मागची चाकं खड्डा खणत होती आणि पुढची शांतपणे बघत होती!

मामूला फोन लावला. मामू म्हणाला, "हब घुमाये क्या साब?"

"हब म्हणजे?"

"वो सामने के चाक पे गोल गोल रहता ना!"

ते गोल गोल मी दर रविवारी पॉलिश करत होतो. मला वाटायचं, शोभेचं आहे! उतरलो, डावीकडचं फिरवलं. दांडा ओढला. काही नाही. पुन्हा मामूला फोन.

"दोनों घुमाये ना?"

"दुसरं पण असतं का?"

मामू म्हणाला, "साब, चाक कित्ते हैं सामने?"

शेवटी घामाघूम होऊन शेतात पोचलो, तर वासरू उभं राहून दूध पीत होतं! गायवाला माझ्या चिखलानं भरलेल्या पँटकडं बघत म्हणाला, "आमची व्याली बगा नीट. तुमची सुटली का?"

*

आप्पांच्या हबवरची अक्षरं झिजून गेली होती. लॉक कुठं, फ्री कुठं, काही कळायचं नाही. आप्पा हिशोबी माणूस. गाडी रंगवायला टाकली, तेव्हा पेंटरला बजावून सांगितलं, "दोन्ही चकत्यांवर नीट अक्षरं काढ रे बाबा. लांबून वाचता आली पाह्यजेत."

पेंटरनं काढली. सुंदर काढली. लाल रंगात, पिवळी बॉर्डर देऊन. डाव्या हबवर 'शुभ' आणि उजव्या हबवर 'लाभ'!

आप्पा चिडले. पण पुसायला हात धजेना. शुभ-लाभ पुसणार कोण? दुकानदार माणूस!

आता आप्पांची गाडी रुतली की त्यांचा फोन येतो, आधी लिंगायती नमस्कार, मग प्रश्न. "शरणार्थ डॉक्टर! शुभ उलटं झालंय आन् लाभ आडवं झालंय. लॉक हाय का फ्री?"

याचं उत्तर आजवर कुणालाही देता आलेलं नाही.

*

एकदा ठरलं की आपण तिघांच्या हबची तुलना करू. कुणाचा हब भारी, याचा एकदाच निकाल लावून टाकू. बापूरावांचा हब गाडीबरोबर आलेला, अस्सल लोखंडी. आप्पांनी दुसरा एक जोड ऑनलाइन मागवला होता, चकाचक, वर प्लास्टिकचं झाकण. माझा कुठल्या जातकुळीचा होता ते मलाही ठाऊक नव्हतं.

मामूनं तिघांचा एकेक हब काढून टेबलावर ठेवला.

आप्पांनी हातात घेऊन तोलून बघितले. "जड ते टिकाऊ."

बापूरावांनी माठ घेताना वाजवतात तसे बोटानं वाजवून बघितले. "ह्याचा आवाज खणखणीत हाय. आमचाच पहिला!"

"आवाजावर काय जातंय? हब हाय का ढोलकी?" आप्पा म्हणाले.

झालं, जुंपली. मामू वैतागला. "खोल के देखते ना, अंदर क्या है!" म्हणून त्यानं तिन्ही हब उघडले. स्प्रिंगा, चकत्या, दातेरी रिंगा, सगळं एका परातीत. आम्ही तिघं परातीवर वाकून बघत होतो, लग्नातल्या आहेराकडं बघावं तसं. कुणालाच काही कळत नव्हतं, पण माना हलत होत्या.

मग मामूनं हब पुन्हा बसवायला घेतले. तिन्ही बसले. तिन्ही फिरलेही. फक्त परातीत एक स्प्रिंग आणि एक रिंग उरली.

"मामू, हे कुणाचं?"

मामूनं परात उचलून ठेवली. "कंपनीवाले ज्यादाच डालते साब!"

तेव्हापासून तुलना बंद आहे. कुणाच्या हबमध्ये कुणाचं काय आहे, तेच माहीत नाही.

*

बापूरावांचा मात्र एक प्रसंग असा झाला, की आम्ही सगळेच घाबरलो होतो. पालमहून परभणीला आले की त्यांचे दोन्ही खांदे भरून यायचे. छातीपर्यंत कळा. घरी सुमनवहिनींनी हाय खाल्ली. बापूरावांचे वडील हार्टनंच गेले होते. पुण्याहून मुलगा येऊन बसला. बापूराव त्याला हळूच म्हणाले, "आईकडं बग बाबा आता."

परभणीत हृदयाच्या डॉक्टरकडं नेलं. तरुण डॉक्टर, बाहेरगावचा. ईसीजीची पट्टी काढली, सगळं नॉर्मल. दुसरी काढली, तीही नॉर्मल. डॉक्टर बुचकळ्यात पडला.

तेवढ्यात मामूचा फोन आला. जीप दवाखान्याहून गॅरेजला तोच घेऊन गेला होता. "बापूराव, हब लॉक है और फोर व्हीलबी टाकेले है! डांबर पे ऐसाच चलाते क्या? स्टेअरिंग हलताच नै!"

बापूराव पलंगावर ताडकन उठून बसले. "डॉक्टरसाहेब, सापडलं! माझा हब लॉक झालता!"

डॉक्टरनं पुन्हा पट्टी बघितली. मुलाकडं बघितलं. मग शांतपणे विचारलं, "काका, हा त्रास कुठल्या बाजूला आहे?"

"दोन्ही बाजूला!"

*

आणि हा यंदाचा, पावसाळ्यातला.

आप्पांचं कुटुंब तेव्हा चारठाण्याबाहेर शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरात, राहत होतं. आम्हाला जेवायला बोलावलं होतं. आप्पांची जीप मामूकडं पडलेली, म्हणून मी आणि बापूराव बापूरावांच्या जीपनं गेलो. ताटं वाढली, तेवढ्यात आतून आप्पांच्या सुनेचा आवाज आला. तारीख लांब होती, पण कळा सुरू झाल्या. अँब्युलन्स बोलावली, ती डांबरी रस्त्यावरच थांबली. आम्ही आल्यावर पडलेल्या पावसानं आत यायला वाटच उरली नव्हती, नुसता चिखल.

सुनेला जीपमध्ये मागं निजवलं. तिची सासू माझ्याकडं बोट दाखवून तिला म्हणाली, "भिऊ नको, डॉक्टर हाय सोबत."

"मावशी, मी जनावरांचा डॉक्टर!"

"आसू द्या. जीव तं सारखाच हाय."

मी निमूट मागं चढलो.

नाल्याच्या उतारावर जीप रुतली. मागची चाकं जागेवरच गरगर फिरायला लागली. सून ओरडत होती. आप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. बापूराव उतरले, गुडघाभर चिखलात हात घालून दोन्ही हब फिरवले, वर येऊन फोर व्हीलचा दांडा ओढला. जीप एकदा थरथरली आणि सरळ वर चढली! आप्पा खिडकीतून वाकून ओरडत होते, "वढायलीत! पुढची चाकं वढायलीत!"

रस्त्यावर सुनेला अँब्युलन्समध्ये घेतलं. जिंतूरला पोचल्यावर थोड्याच वेळात मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. बापूराव दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले.

रविवारी आप्पा पेढे घेऊन गॅरेजला आले. बापूराव आपल्या हबची तारीफ करून थकत नव्हते. आप्पा पेढा द्यायला मामूकडं वळले, तर भिंतीला टेकवलेल्या एका लांब लोखंडी दांड्याला त्यांचा पाय लागला.

"हे काय हाय रे, मामू?"

मामूनं पेढ्यासाठी पुढं केलेला हात मागं घेतला. "शाफ्ट है. सामने के चाकों को इंजन की ताकत इसीसे जाती." मग खूप हळू आवाजात, "बापूराव के जीप का. पिछले महिने निकाला था. लगानाच भूल गया मैं."

बापूराव हातातला पेढा घेऊन जीपजवळ गेले, खाली वाकले, बराच वेळ आत बघत राहिले.

"आप्पा," ते तसेच वाकून म्हणाले, "पुढची चाकं वढताना तुमी नक्की बगितली व्हती ना?"

"म्हंजे काय!" आप्पा म्हणाले. "माज्या तोंडावर चिखल उडाला की वो!"