दोन बोटांची फट

किल्लारीच्या भूकंपात सिद्रामप्पाचं घर बसलं आणि बहीण ढिगाऱ्याखाली गेली. त्या घराच्या भिंती दोन हात जाड होत्या. बांधणाऱ्याने वडलांना छातीठोक सांगितलं होतं, ‘मजबूत काम हाय.’ तेव्हापासून कुणी मजबूत म्हटलं की सिद्रामप्पाचे कान टवकारायचे.

पुनर्वसनाच्या कामावर तो सुतारकी शिकला. पुढे लातुरात गल्लीगल्लीत क्लासेसच्या पाट्या लागल्या, तेव्हा एका अभ्यासिकेचं छत बसवायचं काम त्याच्याकडे आलं. लाकडी फासळ्यांचं, लाटेसारखं वळलेलं छत. छताचा आराखडा करणाऱ्या नांदेडच्या मुग्धाबाईंनी कंप्युटरला मापं आणि छताचं वजन दिलं; प्रत्येक फासळीचा बाक कंप्युटरनेच ठरवला. हैदराबादच्या यंत्राने कापलेले दोनशेबारा तुकडे आले. एकासारखा दुसरा नाही, सगळ्यांवर नंबर.

“हाताबिगर कापलेलं लाकूड,” सिद्रामप्पा म्हणाला, “चुकलं तर धरायचं कुणाला?”

तो एकेक तुकडा टेप लावून तपासायचा. आठ दिवस चूक सापडली नाही, तसा तो जास्तच धास्तावला. नवव्या दिवशी पश्चिमेच्या भिंतीपाशी फासळी दोन बोटं तोकडी पडली.

ठेकेदार श्रीमंत खालूनच ओरडला, “पाचर मारा अन् चला पुढं! जूनला बॅच सुरू होऊन राहिली.”

“न्हाई मारत.” सिद्रामप्पा खाली उतरला आणि त्याने बाईंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुग्धाबाई आल्या. त्यांना संशय सिद्रामप्पाचाच. “अप्पा, तुकडा उलटा नाही ना लावला?”

“चढा की वर. बघा.”

त्यांनी चढून नंबर पाहिला. फासळी बरोबर होती. मग सिद्रामप्पाने भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडला. भिंत वरच्या अंगाला दोन बोटं बाहेर झुकलेली! भिंत बांधणारा श्रीमंत दुसरीकडेच बघू लागला.

“मी कंप्युटरला नकाशातली भिंत सांगितली,” बाई ओशाळून म्हणाल्या. “उभी भिंत मोजलीच नाही. पण काळजी नको, नवं माप देते. चार दिवसांत लांब फासळी कापून येईल.”

“अन् भिंत?” सिद्रामप्पाचा आवाज चढला. “तुमचं यंत्र वाकड्या भिंतीला बी जुळवून देईल. आत लेकरं बसणार हायेत, बाई. फासळी ऱ्हाऊ द्या. भिंत पाडा.”

श्रीमंतने आकांडतांडव केलं. बाई मात्र स्वतः ओळंबा सोडून बघून आल्या आणि म्हणाल्या, “पाडा.”

भिंत नव्याने उभी राहिली. बॅच महिनाभर लांबली. तीच फासळी हातोडा न लावता जाग्यावर बसली. सिद्रामप्पाने तिच्यावर थाप मारली, पण तोंडातून चांगला शब्द काढला नाही.

पुढच्या वर्षी मुग्धाबाईंनी त्याला मुखेडच्या कामावर बोलावलं. तुकडे कापण्याआधी तो स्वतः जाऊन उभ्या भिंती मोजून आला. फोनवर एकेक माप सांगून झाल्यावर म्हणाला, “आता कंप्युटरात काय लिहिलं, ते वाचून दाखवा.”

बाईंनी वाचलं.

“अजून एकदा.”