तिसऱ्या ओळीची उपासमार

आमच्या घरात तुरीची एक ओळ उपाशी ठेवायची होती. ते आम्हाला जमलं नाही.

गौरी, माझी मुलगी, तेव्हा बारावीला होती. कॉलेजात प्रत्येकानं आपला आपण विषय निवडून वर्षभर एक प्रकल्प करायचा होता. मुरुम गावातल्या आमच्या घरामागं तिनं तुरीच्या तीन ओळी लावल्या. पहिलीला शेणखत, दुसरीला गांडूळखत, तिसरीला काहीच नाही. पाणी तिन्हींना पावसाचंच. तिसरीशी ताडून पाहिलं की खतानं किती फरक पडतो ते कळणार. तिला पुढं परभणीला जाऊन शेतीच शिकायची होती. मी म्हणालो, "प्रकल्प नीट झाला तर पाठवतो." (पोरगी लांब जाऊ नये म्हणून घातलेली ही अट, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.)

गौरीनं ताकीद दिली, "तिसऱ्या ओळीला कुणी हात लावायचा न्हाय. मेली तरी चालंल."

"मेली तरी?" माझे वडील, आमचे आबा, बाजेवर उठून बसले. माणूस जन्मभर शेतीत राबलेला. "पेरल्यालं मरू द्यायचं? हेच शिकवतेत व्हय कॉलेजात?"

श्रावणात पावसानं ओढ दिली. पहिल्या दोन ओळी कशाबशा तग धरून होत्या, तिसरीनं मान टाकली. एका दुपारी मी दुकानातून जेवायला आलो, तर आबा तिसऱ्या ओळीत तांब्या उपडा करत होते.

"आबा, हे काय?"

"चूळ भरली."

"तांब्याभर?"

"लई धूळ हाय आज."

मी तणतणत स्वयंपाकघरात गेलो. बायको म्हणाली, "जाऊ द्या वो, म्हाताऱ्या माणसाचं काय घेऊन बसलाव." ती इतकी शांत होती की मला शंका आली. रोजचं तांदळाचं धुवण मोरीत न जाता मागच्या दारानं तिसऱ्या ओळीला जात होतं. "उपाशी लेकरू आन् उपाशी झाड सारखंच दिसतंय," ती म्हणाली.

मी दोघांवर चिडलो. पोरीच्या वर्षाचं यांना काही पडलेलंच नाही!

मग माझी वेळ आली. माझं खत-बियाणांचं दुकान आहे. एक जुनं गिऱ्हाईक घरी आलं, मागं डोकावलं आणि म्हणालं, "अण्णा, तुमच्याच घरची तूर अशी पिवळी, आन् आमाला खत इकता व्हय?"

शास्त्र आपल्या जागी, पण दुकानाची इज्जत राहिली पाहिजे. मी मूठभर युरिया टाकला. फक्त एकदा. म्हणजे आठवड्यातून फक्त एकदा.

दिवाळीपर्यंत तिसरी ओळ भिंतीच्या वर गेली. गौरी टेप लावून मोजायची, पुन्हा मोजायची. "पप्पा, खत दिलेल्यापेक्षा न दिलेली उंच कशी?"

"जमिनीचा गुण असंल," मी म्हणालो. तिचं उतरलेलं तोंड बघून मला फार वाईट वाटलं. तरी बोललो नाही.

पहिल्या दोन ओळी शेंगांनी लगडल्या, तिसरीला नुसता पाला. गौरीचे कॉलेजातले सर प्रकल्प बघायला घरी आले. एक फांदी हातात धरून म्हणाले, "शेंग न्हाय, नुसता माज. युरिया कुणी घातला?"

आबा खोकले. "म्या नुसतं पाणी घातलं."

"मी धुवण," बायको म्हणाली.

मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. घरात युरियाचं दुकान एकाच माणसाचं आहे.

गौरी रडली नाही. "वर्ष गेलं माझं, पप्पा," एवढंच म्हणाली. मला कुठं तोंड लपवावं कळेना.

सरांनी चहा घेतला, गौरीनं घेतलेली मापं पाहिली आणि म्हणाले, "पोरीनं काम चोख केलंय. जे दिसलं तेच लिवलंय. पण अण्णा, हिला परभणीलाच धाडा. ह्या घरात प्रयोग व्हायचा न्हाय."

आबांनी मान डोलावली, बायकोनंही. मार्कही चांगले पडले. पोरगी जाऊ नये म्हणून अट मी घातली, आणि तिची पाठवणी माझ्याच युरियानं झाली.

परवा तिचा फोन आला. तिथंही तिची एक उपाशी ओळ आहे म्हणे. "बघायला या पप्पा, पण रिकाम्या हातानं या."

लेकीकडं रिकाम्या हातानं कोण जातं? मी पिशवी भरली. बायकोनं ती दारातच तपासली, चिवडा राहू दिला, लाडू राहू दिले आणि तळातली पुडी काढून दुकानात परत पाठवली.