मशिदीबाहेरची दगडी पायरी

मंडळी, आज नांदेडात आमच्या गल्लीतली नव्यानं बांधलेली मशीद बघून आलो. संगमरवर, लिफ्ट, वर पोरांसाठी अभ्यासिका. लई देखणी!

पण माझी नजर दाराबाहेरची जुनी दगडी पायरी शोधत होती. लहानपणी ताप आला की आई माझ्या कपाळाला विभूती लावायची आणि संध्याकाळी मला घेऊन त्या पायरीवर उभी राहायची. नमाज पढून निघालेली माणसं बरं वाटावं म्हणून दुवा पुटपुटत माझ्यावर फुंकर घालून जायची.

पायरी दिसेना. मशिदीचं काम बघणाऱ्या रहीमचाचांना विचारलं.

"इंजिनियर म्हणला, काढून टाकू, गाड्या लावायला जागा होईल. मी म्हणलो, मग मायबाया लेकरं घेऊन कुठं उभ्या राहतील?"

चाचांनी बाजूच्या दाराशी नेलं. तीच पायरी, वर आता छप्पर.

ताप नव्हता, आईही न्हाई. तरी जाऊन उभा राहिलो. चाचांनी काही न विचारता फुंकर घातली.

तुमची आई तुम्हाला घेऊन कुणाच्या दारात उभी राहायची?