जाईबाईंची मराठी माळ

परळच्या त्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या वस्तीत, कुणाच्या घरी कुणी वारलं की निरोप आधी जाईबाई साळव्यांना जायचा, मग फादरना. यात फादरचा अपमान नव्हता. सात दिवस रोज संध्याकाळी घरी येऊन जपमाळेची प्रार्थना सांगायला फादरना सवड कुठली? जाईबाई इस्पितळात आया म्हणून तीस वर्षं राबून रिटायर झालेल्या. वॉर्डातल्या पेशंटांकडून ऐकून ऐकून त्यांनी ही माळ कोकणी, तमिळ, मल्याळम सगळ्यांत पाठ केली होती. ज्या घरची जी भाषा, तिच्यात त्या सांगत. उच्चार चुकले की लोक हसत, त्याही हसत आणि गाडी पुढे रेटत.

मराठीत सांगायची वेळ मात्र कधी आलीच नाही. अख्ख्या पॅरिशमध्ये संगमनेरकडचं मराठी कॅथलिक घर त्यांचं एकटंच. त्यांचे यजमान अप्पा चिडवायचे, "सगळ्या जगाच्या भाषा झाल्या तुझ्या. माझ्या वेळी तरी आपल्या भाषेत म्हण गं."

"म्हणेन हो," त्या म्हणायच्या.

यंदा फेब्रुवारीत अप्पा गेले. पहिल्या संध्याकाळी माणसं खोलीत मावेनात, जिन्यापर्यंत उभी. लेक प्रिती कानाशी लागली, "आई, इंग्लिशमध्ये घे. मराठीत तुझ्यामागे म्हणणार कोण?"

पोरीचं खोटं नव्हतं. माळेची रीतच तशी. दर मण्याला सांगणाऱ्याने प्रार्थनेचा अर्धा भाग म्हणायचा आणि उरलेला जमलेल्यांनी पुरा करायचा. कुणी बोललंच नाही तर ती अर्धीच राहायची. अप्पांची प्रार्थना अर्धी राहावी? पण शब्द दिला होता.

जाईबाईंनी मेरीमातेचं 'नमो मारिये' सुरू केलं. अर्धा भाग संपला. खोली गप्प. प्रितीने मान खाली घातली.

मग दाराशी उभ्या सेल्वीने उरलेला भाग तमिळमध्ये उचलला. पाठोपाठ गोव्याच्या फिलोमिनाने कोकणीत, अन्नम्माने मल्याळममध्ये, जिन्यातल्या पोरांनी इंग्लिशमध्ये. कोकणीवाल्यांचं लवकर संपलं, तमिळवाले मागे राहिले. ज्यांचं संपलं ते थांबले. शेवटचं 'आमेन' मात्र सगळ्यांनी एकदम म्हटलं.

जाईबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतकी वर्षं त्या घराघरांतून फिरल्या, पण असला आवाज कधी ऐकला नव्हता. एक शब्द दुसऱ्याशी जुळत नव्हता, आणि तरी अप्पांच्या प्रार्थनेतलं काहीएक उणं राहिलं नव्हतं. त्या भान हरपून ऐकतच राहिल्या. बोटातला मणी पुढे सरकवायचाही विसरल्या.

सगळे त्यांच्याकडे बघत थांबले. शेवटी सेल्वी पुढे आली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बोलो ना, बाई. आधा तुम बोलो, पूरा हम लोग करेगा."

जाईबाईंनी पदराने डोळे पुसले आणि अप्पांसाठी दुसरा मणी मराठीत सुरू केला.